दरडोई

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, फ्रीजला खेटून माझं टेबल.
फ्रीजमध्ये लशी, आणि डॉक्टर ओदीलचं अर्धं सँडविच,
बहुतेक दिवशी संध्याकाळीही अर्धंच.
बावीस वर्षं मी इथे बसून
माणसांचे आकडे करते.

खोकल्याचा एक आकडा, गुडघ्याचा दुसरा,
जखमेला डावा पाय वेगळा, उजवा वेगळा.
चुकलं की पैसे येत नाहीत, पत्र येतं:
कळवण्यास खेद होतो.
खेदाचं एक अख्खं खोकं भरलंय माझ्याकडे.
हिवाळ्यात लादी गार पडते,
मी त्यावर पाय ठेवून बसते.

मंगळवारी ओनियस मिशो आला.
बटाट्याची काढणी ऐन भरात,
पोरांच्या शाळाही त्यासाठी बंद,
आणि हा भिंत धरधरून.
मोजा जखमेला चिकटलेला.
ओदीलनं कोमट पाण्यात पाय भिजत ठेवला
आणि ती खाली स्टुलावर बसली.
तो लहानपणीच्या फ्रेंचमध्ये बोलत राहिला,
चाळीस मिनिटं.
नखं बायको कापायची.
बायकोला जाऊन नऊ महिने झाले.

बाहेर चौघं खोळंबली होती, एक बाळ रडून रडून झोपलं.
मी साखरेचा आकडा टाकला, जखमेचा टाकला.
एकटं राहण्यालाही आकडा आहे,
खोटं नाही सांगत, यादीत आहे.
त्यापुढची रक्कम: शून्य.

यंदापासून ओनियसच्या कंपनीची रीत बदलली.
भेटीचे पैसे बंद. दरडोई, दरमहा.
डोकी मोजायची आणि तेवढे डॉलर धाडायचे,
मग माणूस एकदा येवो की दहादा.
ओदील खूश झाली होती तेव्हा.
म्हणाली, आता घड्याळाकडे पाठ करून बसता येईल.

पण डोक्याडोक्यांचे भाव निराळे.
कागदावर जो जास्त आजारी, त्याचं डोकं महाग.
आणि खरोखरच जो आजारी, अकरा वेळा आलेला,
तो आपल्याला डोईजड.
कंपनीचा एक पोरगा येऊन शिकवून गेला
(बर्फात असले बूट घालून कोण येतं?):
जुनी दुखणी दर वर्षी नव्याने लिहा,
नाहीतर ती बरी झाली असं धरलं जाईल.

म्हणून जानेवारीत मी
रोमेओ गान्योंचा पाय,
जो करवतीखाली गेला एक्याऐंशी साली,
पुन्हा एकदा गेल्याचं लिहिलं.
पुढच्या जानेवारीत पुन्हा लिहीन.
त्याला सांगितलं तर हसला.
म्हणाला, बघ हं, एखाद्या वर्षी विसरलीस
तर उगवायचा.

ओदीलच्या ड्रॉवरमध्ये एक पत्र आहे,
खाली दक्षिणेकडच्या मोठ्या हॉस्पिटलचं.
दवाखाना विकत घेतो म्हणतात.
तीच डॉक्टर, तेच स्टूल, तोच कोमट पाण्याचा टब,
फक्त पाटी त्यांची,
की तीच भेट दीडपट दरानं.
कसं, ते मला विचारू नका. मी आकडे टाकते, करार करत नाही.

स्टेपलर शोधताना पत्र उलटं हाती आलं.
मागे पेन्सिलीनं हिशेब:
भाडं, डिझेल, लशी, गळतं छप्पर.
माझा पगार लिहिलेला, खोडलेला,
पुन्हा लिहिलेला, पहिल्याइतकाच.
तिचा स्वतःचा आकडा
मी दोन्ही बाजूंना शोधला.

शुक्रवारी मिशोचा मुलगा दारात पोतं टाकून गेला.
आम्ही बटाटे बाळांच्या काट्यावर तोलले, थोडे थोडे करून,
ओदीलला फार हसू येत होतं.
म्हणाली, जमेला धर.
कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
तिला पुढच्या खोलीतून हाक आली.

काट्यावर माती राहिली होती, ओली, काळपट.
पुसायला फडकं घेतलं
तेवढ्यात फॅक्स खरखरायला लागला.
पहिली ओळ अर्धी बाहेर आली
आणि मी पायानं खोकं पुढे ओढलं.